रापणीच्या कुत्र्यांचा एकुलता बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना पितळी बिल्ला आहे. माझी जागा कुत्र्याच्या गळ्यात. हसू नका. तुमच्यापैकी काहीजण मोठेपणी कोटावर बिल्ले लावून हिंडतील आणि त्यांना कुणी मालकाचे नाव विचारणार नाही. मला मात्र कामावर लागतानाच विचारले गेले.

माझा जन्म बाजारपेठेतल्या तांबटाच्या दुकानात, एका फुटक्या घंगाळाच्या तुकड्यातून झाला. साल असेल अठ्ठावन्न. आदल्या उन्हाळ्यात आमच्या बंदरगावात एक पिसाळलेला कुत्रा चावत सुटला होता. पोटात सुया टोचून घेतलेल्या माणसांनी सभा भरवली आणि नगरपालिकेने नियम केला : प्रत्येक कुत्र्याला एक मालक हवा आणि गळ्यात बिल्ला हवा. बिनबिल्ल्याचा कुत्रा दिसला की कोंडवाड्यात. दिवस मावळेपर्यंत कुणी सोडवायला आले नाही तर औषधाचा लाडू. नियम वाईट नव्हता. त्या लाडवातल्या जिनसेला औषध का म्हणत, हे मात्र मला अजून कळलेले नाही.

कचेरीच्या खणात पडल्यापडल्या मला दोनच गोष्टींचे कुतूहल होते. गळा कसा असतो, आणि मालक म्हणजे काय? माझी भावंडे एकेक करून निघून गेली. कुणी वकिलांच्या ओसरीवर, कुणी डॉक्टरांच्या फाटकाशी. मी राहिलो. मग एके दिवशी रापणीचे म्होरके दाजी आले. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे, आणि ते मिळून ओढणारी माणसेही.

"कुत्र्याचा मालक कोण?" कारकून गुरुदासांनी विचारले.

"रापण."

"अहो, मालक माणूस लागतो."

"मगे रापणीत काय माकडा आसत?"

"एक नाव सांगा, दाजी. एकच."

"जाळा कोणाचा म्हणान विचारल्यात तर काय सांगतलंय? दोरी ओढता तेचा. कुत्रो तसोच."

गुरुदासांनी कपाळाला हात लावला. समोर दाजी उभे होते म्हणून दाजींचे नाव लिहिले आणि मला त्यांच्या खरखरीत तळहातावर ठेवले.

किनाऱ्यावर गेल्यावर पाहतो तर कुत्रे दोन! एक बांगडो, पाठीवर काळे पट्टे असलेला, दांडगट. दुसरी तारली, त्या नावाच्या मासळीसारखीच बारीक. आता तुम्ही विचाराल, बिल्ला एक आणि कुत्रे दोन, मग भांडण झाले का? छे. रापणीत 'माझे' हा शब्दच चालत नाही. जाळे वाळूवर आले की मासळीचे वाटे पडतात. दोरीला हात लावलेल्या प्रत्येकाचा वाटा, आणि कडेला एक कुत्र्यांचाही. तसाच माझाही वाटा पडला. टोपली घेऊन बाजारात निघालेल्या नर्मदेबरोबर जो कुत्रा जाईल त्याच्या गळ्यात मी. तो परतला की मी मांगरातल्या, म्हणजे जाळी ठेवायच्या झापाच्या खोपीतल्या खुंटीवर, वल्ह्यांशेजारी. वल्ही, टोपल्या, दोरखंड असेच सगळ्यांत फिरत. बिल्ल्यानेच कुणाचे घोडे मारले होते?

"घालून घालून बिल्लो काय झिजता?" नर्मदा म्हणे. ती रापणीची मासळी विकणारी. जीभ तिच्या सुरीहून धारदार. मला ती चिंच लावून असा घाशी की बाजारात बायका माझ्याकडे पाहत. मी सुखात होतो. बांगड्याच्या जाड गळ्यावर मी मिरवत असे, तारलीच्या पातळ गळ्यावर तिची नाडी ऐकत असे. मालक म्हणजे काय, ते मात्र कळत नव्हते.

एके सकाळी तारली माझ्यासकट नर्मदेबरोबर निघाली आणि कधी नव्हे तो बांगडोही मागोमाग आला. मासळीबाजाराच्या तोंडाशी नगरपालिकेचा शिपाई गंगाराम याने त्याच्या बिनबिल्ल्याच्या गळ्यात फास टाकला. बांगड्याने एकदाच मान वळवून तारलीकडे पाहिले. मी हाकेच्या अंतरावर होतो, पण बिल्ल्याला भुंकता येत नाही.

दुपारी अख्खी रापण निवडायची मासळी तशीच टाकून कचेरीत आली. पोटऱ्यांवर खवले, अंगाला वास. दोन कारकून खिडकीजवळ सरकले. नर्मदेने तारलीच्या गळ्यातून मला सोडले आणि टेबलावर आपटले.

"साहेबानू, ह्यो घेवा बिल्लो. बांगड्याचोच तो. तेका सोडा."

गुरुदासांनी दाराकडे पाहिले. "मग ही कुत्री बिनबिल्ल्याची. गंगाराम!"

"अरे रवा! तिचो पण तोच!" नर्मदेने गंगारामाला थांबवले.

"एक बिल्ला दोघांना?"

"एक जाळा सगळ्यांका पुरता, एक बिल्लो दोघांका पुरूचो नाय?"

गुरुदास माणूस वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढला. "दुसरा बिल्ला देतो. पण मला एवढेच सांगा, उद्या हा बांगडो कुणाच्या पोराला चावला, तर मी कुणाच्या दारात यायचे? रापणीला दार नाही."

मागून कोणीतरी पुटपुटले, "आमचो आसा तो."

"'आमचो' नको. 'माझा' म्हणणारा एक द्या. दिवस कलतोय."

दाजी पायाशी पाहत म्हणाले, "एकदा माझा नाव लिवल्यात, तेवाच माका झोप येवक नाय. सगळ्यांचो कुत्रो, आणि चावलो की मी एकटोच?"

"माझो," नर्मदा म्हणाली. "लिवा."

"गो नर्मदे, रापणीची वस्तू तुझी कशी?" दाजींनी विचारले.

"मगे काय करू? लाडू खावक देव? तुमी वाटे घालीत बसा. चावलो तर माझ्या दारात येवा, साहेबानू. आधी तेका सोडा."

तिन्हीसांजेच्या आत बांगडो नवा बिल्ला घालून, लग्नाहून यावे तसा ऐटीत किनाऱ्यावर आला. मी तारलीकडे राहिलो, कायमचा.

दुसऱ्या दिवशी वाटे पडले तेव्हा दाजींनी कुत्र्यांच्या वाट्यात बांगड्याला धरले नाही. राग नव्हता, रीत होती : जो एकाचा झाला त्याला सगळ्यांच्या जाळ्यातला वाटा नाही. नर्मदेनेही तक्रार केली नाही. आपल्या वाट्यातले दोन मासे त्याच्यापुढे टाकले. बाजाराला जाताना ती त्याला बांधून ठेवू लागली. पुढे तो पोस्टमनच्या पोटरीला चावला, तेव्हा तीच पोस्टमनला दवाखान्यात घेऊन गेली आणि वाटभर बांगड्याच्या सात पिढ्या उद्धरत राहिली. दाजी हे सारे दुरून पाहत.

एकदा माणसे घरी गेल्यावर ते तारलीजवळ वाळूत बसले. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून त्यांनी तिच्या कानामागे खाजवले आणि अगदी हळू म्हणाले, "माझी गो तू." मी गळ्यातच होतो म्हणून ऐकू आले. माझे दुसरे कुतूहल त्या दिवशी फिटले.

तारली म्हातारी होऊन गेली. मी आता दाजींच्या कोनाड्यात हिरवा पडत चाललो आहे. मित्रांनो, कुत्रा पाळाल तर बिल्ला जरूर घ्या, त्याला सुईही वेळेवर टोचून घ्या. पण पिल्लू घरी आणण्याआधी सगळ्यांना एक प्रश्न विचारा : हा चावला, तर लोकांनी कुणाच्या दारात यायचे? घरातला एक तरी माणूस 'माझ्या' म्हणाला, तरच त्याला उचला.