पुसलेला आवाज

“अगं, जुना सिनेमा म्हणजे रस्त्याकडेचं झाड! ज्याचा हात पोचेल त्याने फळ तोडावं,” बाबा लेकीला म्हणाले. आपणही नाही का असंच म्हणत, कुणाचं गाणं, कुणाचं चित्र बिनदिक्कत उचलताना?

बाबा व्हिडिओ एडिटर. भंगारात सापडलेला एक कृष्णधवल सिनेमा त्यांनी संगणकावर उतरवला होता. आवाज फार खरखरत होता, म्हणून त्यांनी तो पुसला आणि नायिकेचे संवाद लेकीकडून नव्याने म्हणून घेतले. ही लेक म्हणजे घरातली टकळी. शाळेच्या नाटकात बक्षीस मिळाल्यापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते! फक्त नायिकेचं हसणं काही तिला जमेना. तेवढं मूळचंच राहिलं.

“दादा, हक्क कुणाचे आहेत ते पाहिलंस?” वकील आत्याने विचारलं.

“सुरुवातीच्या पाटीवर साल आहे की! मोजलं. मुदत संपली.”

“ते साल बनवल्याचं. मुदत प्रदर्शनापासून धरतात. सिनेमा लागला कधी?”

“बनवला की लागलाच असणार! तुम्हा वकिलांना सरळ रस्त्यातही खड्डे दिसतात.”

टकळी खिदळली. सिनेमा इंटरनेटवर चढला, कुजकी रिळं कचऱ्यात गेली. ‘नायिकेचा आवाज काय गोड!’ लोक लिहू लागले. टकळी हवेत!

मग बाबांना फोन आला. बोलणाऱ्या बाई थकलेल्या वाटल्या.

“हा सिनेमा माझ्या वडिलांचा. कित्येक वर्षं डब्यात पडून होता, फार उशिरा लागला. हक्क अजून माझ्याकडे आहेत, प्रत मात्र एकही उरली नाही. पण फोन त्यासाठी नाही केला. नायिका माझी आई. सिनेमा लागायच्या आधीच गेली, मी लहान होते. आता मला दिसत नाही. शेजारणीने सिनेमा लावून दिला, तर… माझ्या आईचा आवाज कुठे आहे हो?”

बाबा धावत खाली गेले. कचरागाडी केव्हाच गेली होती.

“एकच प्रश्न तू आधी विचारायला हवा होतास, दादा!” आत्या म्हणाली. “मालक दिसत नाही म्हणजे मालक नाही, असं होतं का? शोधायचं. सापडेपर्यंत हात आवरायचा!”

बाबांनी सिनेमा काढून टाकला. पण तोवर कितीतरी जणांनी तो उतरवून घेतला होता, टकळीच्या आवाजासकट.

बाप-लेक त्या बाईंच्या घरी गेले. “माझं चुकलं, ताई,” बाबा एवढंच बोलू शकले. टकळीने मोबाइलवर तो हसण्याचा तुकडा लावला. दोन श्वासांचं हसणं.

“पुन्हा लाव,” बाई म्हणाल्या. “पुन्हा.” मग हळूच विचारलं, “आणि बोलायची कशी गं ती?”

टकळीला सगळे संवाद तोंडपाठ होते. तिच्या तोंडून एक शब्द फुटला नाही.

वाचकहो, जुनं म्हणजे बेवारस नव्हे! कशालाही हात लावण्याआधी ‘हे कुणाचं?’ एवढं विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा. माफी मागता येते. पुसलेला आवाज परत आणता येत नाही.