शेवटून तिसरी ओळ

मी एक फाइल बोलतेय. कागदाची नव्हे, रंगाच्या दुकानातल्या संगणकातली. रंग मिसळायचं यंत्र रोज सकाळी आधी मला वाचतं, मगच कामाला लागतं. तेवढा माझा मान.

मला लिहिलं दुकानाच्या काकांनी. शिक्षण बेताचं, पण दोन पांढऱ्यांतला फरक लांबून सांगणारे. कंपनीचे क्रमांक त्यांना रुचत नसत. "माणूस नंबरात राहत नाही, घरात राहतो," म्हणायचे. म्हणून रंगाला गिऱ्हाइकाचंच नाव: 'सुईणबाईंच्या खोलीचा निळा', 'भांडकुदळ जावांचा पिवळा'. शेजारी मिसळायचं प्रमाण, आकड्यांत. अशा चारशे बारा ओळी, जागा मिळेल तिथे घुसवलेल्या, क्रम असा नाहीच. दुसरी प्रत मात्र केली नाही. एकुलती एक असली की जपली जाते, हा त्यांचा समज.

परवा मशीनवाल्याने नवं सॉफ्टवेअर टाकलं. आता आतली गोष्ट सांगते. माझ्या पोटात अक्षरंसुद्धा आकड्यांच्या रूपात असतात. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, याचा तक्ता ठरलेला असतो. काकांनी मला जुन्या तक्त्याने लिहिलेलं. हे नवं पाहुणं न विचारता स्वतःच्या तक्त्याने वाचू लागलं. गजाने तेल मोजावं तसं! पडद्यावर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

नेमक्या तेव्हाच शिंपीदादांच्या पत्नी आल्या. दादांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या शिवणाच्या खोलीत पाणी झिरपलं, गिलावा नवा करावा लागला. जुन्या रंगाची खपलीही उरली नाही.

"भाऊजी, ह्यांनी निवडलेला तोच रंग द्या. दुसरा नको."

काका पडद्याकडे बघत म्हणाले, "वहिनी, मी विचारायला बसलो, तर हे उलट मलाच विचारतंय!"

मशीनवाला हसला. "किरकोळ आहे, काका. सेव्ह करून बंद-चालू करतो, येईल ताळ्यावर."

मी आतून ओरडत होते. नको रे बाबा! नावं अजून आहेत माझ्यात, फक्त तक्ता बदल! पण फाइलचा आवाज कुणाला येतो? खट् झालं, आणि प्रश्नचिन्हं खरोखरीच माझ्या अंगावर लिहिली गेली. संध्याकाळी त्याला जुना तक्ता सापडला. तोवर वाचायला काही उरलं नव्हतं.

आकडे तेवढे शाबूत राहिले. ते दोन्ही तक्त्यांत सारखेच.

"बसा वहिनी," काका म्हणाले, "एकेक मिसळून दाखवतो."

"अहो, चारशे? आणि तुमचा धंदा?"

"धंदा दुसरा काय असतो?"

आज तिसरा दिवस. काका पुठ्ठ्यावर रंगाचं बोट ओढतात, वहिनी दारातल्या उजेडात धरतात. "नाही हो, हा नव्हे." मघाशी डोळे चोळत म्हणाल्या, "भाऊजी, आता जरा जवळचा वाटला की तोच घेऊन टाकते."

वाचणाऱ्यांनो, मागणं एवढंच: वाचता आलं नाही तर तसंच राहू द्या. कळल्यासारखं करून जतन करू नका.

आणि काका, नाव पुसलं तरी जागा मला आठवते: दादांची ओळ शेवटून तिसरी आहे. तुम्ही वरून सुरुवात केलीत. खालून धरा हो, खालून!