मागून आणलेला पंप

ज्योत्स्नाचा स्वतःचा फवारणीचा पंप ऐन वेळी बिघडला, तिथूनच सगळं फिरलं. अल्लीपूरच्या शिवारात तिची तूर फुलावर आली होती, अळी दिसू लागली होती आणि कडुनिंब, रुई, सीताफळाचा पाला कुजवून केलेला दशपर्णी अर्क तयार होता. पण बाई पहिल्यापासून उतावळी! धुऱ्यापलीकडे, बांधाला बांध लागून असलेल्या गजेंद्रभाऊचा पंप दिसला, तो मागून आणला, घाईघाईत एकदा विसळला आणि संध्याकाळी फवारणी उरकली. शेजारी-शेजारी पंप मागायची रीतच आहे. आधी त्यात काय होतं, हे कोण विचारतं?

सकाळी ती शेतात गेली, तर विहिरीकडच्या ओळींखाली मधमाश्या पडलेल्या. मावा खाणारे लाल ढालकिडेही उताणे. तिने गजेंद्रला फोन लावला. पंपात आधी काय होतं, ते विचारलं.

"वहिनी, थो पंप मी धुतलाच नाई. अळीचं जहाल औषध होतं त्यात. तुमाले सांगाचं राहूनच गेलं."

सहा वर्षं ज्योत्स्नाने या मातीत विषाचा थेंब पडू दिला नव्हता. सुरुवातीला शेतात चिटपाखरू नव्हतं. तिने काठ्यांना आडव्या काड्या बांधून पाखरांसाठी थांबे रोवले, धुऱ्यावर ज्वारी पेरली, पाणी ठेवलं. लोक हसले. मग कोतवाल पक्ष्यांची एक जोडी आली, मागोमाग साळुंक्या आल्या, आणि अळी वेचायचं निम्मं काम पाखरंच करू लागली.

आता ऊन चढलं की ती पाखरं यायची, आणि पानांवर तर विष खाऊन सुस्तावलेल्या अळ्या!

तिने दिसेल तो थांबा उपटायला घेतला. तेवढ्यात थवा उतरलाच. तिने टाळ्या पिटल्या, ढेकळं मारली, पदर हलवत ओळीओळीतून धावली. पाखरं चार हात उडाली आणि पुन्हा तिच्याच मागे येऊन बसली. या शेतात त्यांना आजवर कोणी हाकललंच नव्हतं.

"जा न रे बाप्पा," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "हात जोडतो, जा इथून."

एक कोतवाल तिच्या हाताजवळच्या थांब्यावर निवांत टेकला. त्याच्या चोचीत अळी होती.