कंडक्टरचा थांबा

वडील देवाघरी गेले, पण त्यांचा थांबा मागे राहिला. वडील म्हणजे नावाजलेल्या वाद्यवृंदाचे नावाजलेले कंडक्टर, आणि थांबाही तसाच. त्यावर विद्वानांनी जाडजूड पुस्तकं लिहिली होती. त्यांच्या गाजलेल्या सिंफनीच्या तिसऱ्या भागात, एकट्या बासरीची धून सुरू होण्याआधी, ते हातातली छडी हवेत धरून सगळ्यांना गप्प करायचे. सभागृहात पापणी लवत नसे. 'मृत्यूचं चिंतन' असं त्या शांततेला नाव पडलं होतं.

आता त्यांच्या जागी लेक उभी राहणार होती. आधी एका कार्यक्रमापुरती. रंगला तर कायमची. व्यवस्थापकांनी बजावलं होतं, "ताई, बाकी काहीही करा, पण साहेबांचा थांबा तेवढा हवाच. लोक त्यासाठी येतात."

नेमका तोच जमेना. लांबला तर व्हायोलिनवाले एकमेकांकडे बघत. आवरता घेतला तर शिंक येता येता राहिल्यासारखं वाटे. शेवटी बासरीवाल्या मिशाळकाकांनी विचारलंच, "बाळ, पान सापडत नाहीये का?" सगळे हसले. तिचं तोंड एवढंएवढंसं झालं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी ती आईपुढे येऊन बसली. आई तिच्या काळ्या कोटाचं बटण लावत होती. एके काळी त्याच वाद्यवृंदात मिशाळकाकांच्या खुर्चीवर आई बसायची.

"आई, बाबा तिथे काय विचार करायचे गं? मरणाचा विचार करून करून मी थकले."

आईने दातांनी दोरा तोडला. "कसलं मरण! तू पोटात होतीस. नेमकं त्या जागी मला ढवळून आलं. आवंढा गिळेपर्यंत थांब, म्हणून डोळ्यांनी खुणावलं, आणि हा थांबला. दुसऱ्या दिवशी पेपरात काय, तर मृत्यूचं चिंतन!"

"आणि तुम्ही दोघं गप्प बसलात?"

"मग काय छापून आणू, बाईला मळमळत होतं म्हणून?" आई खुदकन हसली. "कंडक्टरच तो. कोणी हात केला की गाडी थांबवणारच. तू उतरलीस, तरी जन्मभर त्याची गाडी तिथे थांबायची. लोकांना दिसायची त्याची पाठ. हसायचा तो माझ्याकडे बघून, लबाड कुठला!" तिने कोट झटकून लेकीच्या हातात दिला. "तू मनातल्या मनात आकडे मोजत बसतेस. समोरच्याकडे बघ ना, बाई."

संध्याकाळी सभागृह तुडुंब भरलं. तिसरा भाग आला, ती जागा आली. लोकांनी सवयीने श्वास रोखले. लेकीने मिशाळकाकांकडे पाहिलं. बासरी ओठांशी, छाती भरलेली, भुवया वर. गडी केव्हाचा तयार! हात कोणीच केलेला नव्हता.

तिने गाडी पुढे काढली.

धून अशी वाहत आली, की रोखलेला श्वास सोडायचंही लोक विसरले. शेवटी टाळ्या पडल्या त्या पडतच राहिल्या. व्हायोलिनवाले आपापल्या गजांनी समोरच्या स्टँडवर टकटक करू लागले. त्यांची शाबासकी तीच.

व्यवस्थापक घाईघाईने पडद्यामागे आले. मागोमाग आई.

"अहो ताई, थांबा कुठे गेला?"

"हा काय, तुमच्यासमोर उभा आहे."

आईने तोंडाला रुमाल लावला. मंचावरची टकटक काही थांबेना. व्यवस्थापकांनी चष्मा पुसला, घसा खाकरला.

"बरं. मग सोमवारपासून सराव किती वाजता ठेवायचा?"