घरचा तांदूळ किती महिने पुरतो

१९३४ साली मी बी.ए.ला होतो. एका बाजूला साहित्य, दुसऱ्या बाजूला अर्थशास्त्र आणि राज्यकारभार, आणि दोन्हींत माझं बूड कधी टेकत नव्हतं. कवितेच्या तासाला वाटायचं, तिकडे गावच्या बांधावर माती पडायला हवी आणि आपण इथे यमकं काय मोजतोय. राज्यकारभाराच्या तासाला सर कलमं सांगू लागले की उठून एखादी कविता म्हणावीशी वाटायची. धरमतरच्या खाडीकाठच्या आमच्या गावातून मुंबईच्या कॉलेजात पोचलेला मी पहिलाच. गावाला वाटे, शिवदास आता कलेक्टर होणार. मला वाटे, घंटा होईपर्यंत बाकावर टिकलो तरी पुष्कळ.

दिवाळीच्या सुट्टीआधी सरांनी छापील प्रश्नावली हातात दिली. आपापल्या गावची पाहणी करायची आणि तिच्यावर निबंध लिहायचा. परीक्षेचा बराचसा भार त्या निबंधावर. प्रश्न बेचाळीस. तेरावा होता : घरचा तांदूळ किती महिने पुरतो?

सुरुवात भागुआत्येपासून केली. आईवडील गेल्यावर तिनंच मला वाढवलं. ती ओटीवर तांदूळ पाखडत बसली होती.

“ह्यो कागद कोन वाचनार?”

“आमचे सर.”

तिनं सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला. “मग लिव, बारा महिने. दोन्ही वेळ भात. वर मासळी.”

त्याच घरात दरवर्षी चैत्रानंतर तांदूळ संपायचा आणि आम्ही नाचणीच्या पेजेवर दिवस काढायचो. मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. तरी मी ‘बारा’ लिहिलं. समोरचा सांगेल तेच लिहायचं असा नियम होता, ही झाली सबब. खरं म्हणजे सरांनी आमच्या घरची पेज वाचावी, याची लाज मलाच वाटली. पुढच्या घरी बायजाकाकूनं बारा सांगितले. धर्माजीनं बारा सांगून वर पाहुण्यारावळ्यांसाठी एक महिना जास्तीचा दिला. तेहतीस घरं, सगळीकडे तेच. आपल्या पोराची शिकल्यासवरल्या लोकांत मान खाली जाऊ नये म्हणून अख्खं गाव एकदिलानं खोटं बोललं, आणि मी ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं.

माघातल्या अमावास्येला उधाणानं खाडीचं पाणी अडवणारा मातीचा बांध फोडला. खारं पाणी शेतांत शिरलं. जमीन एकदा खारावली की तीन-तीन वर्षं भात होत नाही. लोकांनी माती टाकून भगदाडाचं तोंड कसंबसं धरलं, पण ती दर उधाणाला वाहून जाई. सरकारनं दगडी बांध घालून द्यावा, असा अर्ज पोलीसपाटील अंबाजीनं केला. प्रांतसाहेब बघायला येणार आहेत, त्यांच्याशी तू बोल, असं मला पत्र आलं. रजा मागायला गेलो, तर सर खुशीत म्हणाले, “अहो, तुमचा निबंध इतका चांगला उतरलाय की तुमच्या प्रांतांकडेच पाठवलाय मी. गावाच्या उपयोगी पडेल.”

मी तसाच धक्क्याकडे धावलो. धरमतर येईपर्यंत आगबोटीवर मी एकदाही बसलो नाही. पुढून मागे, मागून पुढे. शेवटी एक खलाशी वैतागून म्हणाला, “तुज्या चालन्यानं बोट लवकर पोचनार न्हाय.”

मी पोचलो तेव्हा साहेब बांधावर खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर माझाच निबंध.

“तुमच्याच मुलानं लिहिलंय,” ते गावाला सांगत होते, “घरोघरी बारा महिने तांदूळ. सरकारजवळ दगड थोडा आणि गावं पुष्कळ. जिथे लोक उपाशी आहेत, तिथला बांध आधी नको का?”

मी पुढे झालो. “साहेब, ते खोटं आहे. इथे चैत्रानंतर कुणाच्याच घरात तांदूळ नसतो. मी स्वतः पेजेवर वाढलोय.”

साहेबांनी चष्मा काढला. “हा निबंध परीक्षेसाठी दिलात ना? तो खोटा आहे असं मला कळवावं लागेल. मग परीक्षेला बसता येणार नाही. समजतंय?”

“समजतंय.”

ते अंबाजीकडे वळले. “पाटील, खरं काय?”

अंबाजीनं फुटक्या बांधाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सांग, सांग, असं मी मनात ओरडत होतो.

“पोरानं लिवलंय तेच खरं, सायेब. बारा महिने.”

“तुमच्याकडे?”

“बारा,” धर्माजी म्हणाला. बायजाकाकू पदराआडून म्हणाली, “बारा.” भागुआत्ये तर सगळ्यांच्या पुढे आली. “आमचा पोरगा खोटं लिवनारा न्हाय. आता घाबरलाय, म्हनून काईबी बोलतोय.”

“आत्ये, जमीन जाईल!” मी ओरडलो. कुणी माझ्याकडे बघेना. साहेबांनी अर्जावर दोन ओळी खरडल्या, सही केली आणि ते निघून गेले.

मला त्या सगळ्यांचा भयंकर राग आला. लोकांना आपलं हित कळतं की नाही, यावर आमच्या पुस्तकांत प्रकरणंच्या प्रकरणं होती. मला ती पाठ होती. त्यांत हे कुठेच नव्हतं.

“काय केलंत हे?” मी आत्येला म्हणालो. “बांध गेला हातचा.”

“बांध आमी दरसाल घालतो, पुना घालू,” ती म्हणाली. “बी.ए. आमच्यानं व्हनार हाय का?”

भरती यायच्या आत माती टाकायची होती, म्हणून माणसं लगेच चिखलात उतरली. मी कोट काढला, धोतर खोचलं आणि एका टोपलीला हात घातला. धर्माजीनं ती काढून घेतली. “ऱ्हाऊ दे. परीक्षा हाय तुजी.” दुसरी धरली, ती बायजाकाकूनं ओढली. माझ्या दोन्ही बाजूंनी गाव माती वाहत होतं आणि मला कुणी चिखलाला हात लावू देत नव्हतं. तिथेच बांधावर उभ्याउभ्या मला रडू फुटलं.

“रडतोस काय?” आत्ये खालून ओरडली. “घरी जा नि अभ्यास कर.”