गिरावीनचं अबू सिंबेल

त्या रविवारी पहाटे श्रीनिवासदादांच्या मागच्या अंगणात फ्रिजची तीन मोठी खोकी होती, वॉशिंग मशीनचं एक, ती जोडताना संपलेली चिकटपट्टीची पाच रिळं, क्लेच्या चार मूर्ती, घडीच्या सात खुर्च्या आणि चहाचा एक थर्मास. शिवाय सहा प्रवासी आणि एक गाइड. आकाशात ढग नव्हता.

गाइड म्हणजे श्रीनिवासदादांच्या आई, सुनीतीकाकू. कोल्हापूरच्या मुलींच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं इतिहास शिकवला, आणि दर जूनमध्ये सहावीला इजिप्त. मी पुण्याहून फिजिक्सचं एम.एस्सी. करून सिडनीच्या युनिव्हर्सिटीत आले, तेव्हापासून गिरावीनला त्यांच्याच घरात भाड्याने राहते. काकू सहा महिन्यांसाठी मुलाकडे आल्या होत्या. परत जाताना वाट वाकडी करून आठ दिवस इजिप्त बघायचं, असं वर्षभर ठरलेलं. नोव्हेंबरात लक्झरला पर्यटकांवर गोळीबार झाला आणि टूर रद्द झाली. बॅगेत सगळ्यात वर ठेवलेलं गाइडबुक काकूंनी सगळ्यात खाली घातलं.

"पिरॅमिड राहू दे गं," एकदा भाजी निवडताना त्या मला म्हणाल्या. "मला तो किरण बघायचा होता."

अबू सिंबेलचं मंदिर डोंगराच्या पोटात साठेक मीटर आत कोरलेलं आहे. वर्षातून दोनदा, बावीस फेब्रुवारी आणि बावीस ऑक्टोबरच्या सुमाराला, उगवत्या सूर्याचा प्रकाश थेट शेवटच्या खोलीत जातो. तिथे राजा रामसेस आणि तीन देव अशा चार मूर्ती बसलेल्या आहेत. तिघांवर प्रकाश पडतो. चौथा प्ताह, तो अंधाराचा देव, म्हणून अंधारातच राहतो.

"पण काकू, कोल्हापूरला अंबाबाईचा किरणोत्सव असतोच की. तो तर तुम्ही कितीदा पाहिला असेल."

"किरणोत्सवाला कितीदा गेले ते विचार. पाहिला एकदाही नाही. लहानपणी पुढे कुणाची तरी पाठ. मोठेपणी वर्गातल्या मुली बरोबर, त्यांना पुढे काढायचं आणि आपण मागे. त्या ओरडायच्या, बाई, आला, आला. मला कळायचं, आला म्हणून."

काकूंचं विमान बुधवारी होतं. त्याआधीचा रविवार बरोबर बावीस फेब्रुवारी. हे विनीतावहिनींच्या लक्षात आलं आणि टूरही त्यांनीच काढली: एक दिवसाची, आपल्याच घरात, मार्गदर्शकासह. दादा पेंडल हिलच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून खोकी घेऊन आले. शेजारचे हर्बर्ट मूळचे वसईचे, हातात करवत आली की खूश होणारे सिव्हिल इंजिनिअर. खोकी एकापुढे एक जोडून बोगद्यासारखं लांब मंदिर त्यांनी बांधलं. दादा-वहिनींच्या आठ वर्षांच्या सावनीने मूर्ती केल्या. दिशा ठरवायचं काम माझ्याकडे आलं.

गणित अवघड नव्हतं. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या किती दक्षिणेला आहे, हे सगळ्या पृथ्वीसाठी एकच असतं. अंगणाच्या कुंपणामुळे तो आम्हाला दहा अंश वर आल्यावर दिसणार, म्हणजे साधारण साडेसातला. त्या क्षणीची त्याची दिशा काढायची आणि मंदिराचं दार तिकडे करायचं. सिडनीत होकायंत्र खऱ्या उत्तरेपासून साडेबारा अंश चुकतं, तेही मी वजा केलं.

शनिवारी दुपारी आम्ही मंदिर जागेवर ठेवलं, तेव्हा सावनी म्हणाली, "सन तिकडून नाही जात. It goes over Uncle Herbert's roof."

हर्बर्टचं घर उत्तरेला होतं.

"नाही बेटा," हर्बर्ट म्हणाले, "सूर्य वर येताना असा उजवीकडे सरकतो." त्यांनी हाताने दाखवलं. दादांनीही तसाच हात केला. मीही.

"Whatever," म्हणून सावनी आत गेली.

रविवारी सहाला टूर निघाली. पहिला मुक्काम राजांची दरी, म्हणजे गॅरेज. शटर अर्धवट उचललेलं, त्याखालून सगळ्यांनी वाकून आत जायचं. आत काळोख आणि काकूंच्या हातात टॉर्च. इस्त्रीच्या टेबलावर टॉयलेट पेपरात गुंडाळलेली सावनी डोळे मिटून पडली होती.

"खऱ्या थडग्यातही असंच वाकून जावं लागतं," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज घरातला नव्हता, वर्गातला होता. "हर्बर्ट, मागे बोलणं चाललंय ते सगळ्यांना सांगा."

"काही नाही, बाई. सेलिनला विचारत होतो, ब्रेकफास्ट टूरमध्ये इन्क्लूडेड आहे का."

"गप्प बस रे," त्यांची बायको सेलिन म्हणाली. "बाई तुला बाकावर उभा करतील."

काकूंनी टॉर्च चार बरण्यांवर धरला. "मृताची आतडी, जठर, फुप्फुसं आणि यकृत अशा चार बरण्यांत वेगवेगळं ठेवत. ही यकृताची."

"झाकण उघडून बघू का?" हर्बर्टनी विचारलं.

"त्यात लिंबाचं लोणचं आहे, अजून मुरलेलं नाही," वहिनी म्हणाल्या. "यकृताला हात लावू नका."

ममी खुदकन हसली आणि पोटावरचा कागद फाटला.

कर्नाकचं खांबांचं देऊळ गाडी ठेवायच्या कारपोर्टमध्ये होतं. खांब चारच होते, पण काकूंनी ते इतके उंच करून सांगितले की दादा मान वर करून पत्र्याकडे बघत राहिले. मग त्यांनी उजळणी घेतली. दादांना एकाही राणीचं नाव आलं नाही.

"माझ्या पोटी जन्मून," काकू म्हणाल्या. "चला, पुढे. उशीर होतोय."

सव्वासातला सगळे मागच्या अंगणात खुर्च्यांवर बसले. वहिनींनी दोरीवरचे कपडे रात्रीच काढून ठेवले होते, सावली नको म्हणून. मंदिराच्या मागच्या टोकाला, मूर्तींच्या बाजूने, हर्बर्टनी पुठ्ठ्यात एक चौकोनी खिडकी कापली होती. तिच्यापाशी स्टूल, आणि स्टुलावर काकू. त्यांनी चष्मा पदराने पुसला आणि खिडकीला डोळे लावले. एक काळापांढरा मॅगपाय पक्षी कुंपणावर येऊन बसला.

साडेसातला दोन मिनिटं कमी असताना कुंपणाच्या वरच्या कडेवर उजेड फुटला. मॅगपाय उडाला. ऊन गवतावरून येऊन मंदिराच्या दारात शिरलं.

"आला का, आई?" दादांनी विचारलं.

"अंधार आहे," काकू खिडकीतून म्हणाल्या.

मी गुडघ्यावर बसून दारातून आत पाहिलं. ऊन आत गेलं होतं, पण दारापासून हातभर अंतरावरच ते बाजूच्या भिंतीवर धडकून थांबलं होतं. मूर्ती काळोखात. मी मान वळवून सूर्याकडे पाहिलं. जिथून यायला हवा होता तिथे तो नव्हता. तो बराच डावीकडे, हर्बर्टच्या छपराच्या बाजूला होता.

"Told you," ममी म्हणाली. तिच्या खांद्यावरून कागद लोंबत होता.

पुण्यात शिकताना दक्षिणेकडच्या अक्षांशाला उणे चिन्ह लावायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. इथे विषुववृत्ताच्या खालून बघताना सूर्य वर चढतो तो उत्तरेकडे झुकत. मी गवताच्या कडेच्या मातीत बोटाने आकडे पुन्हा मांडले. उणे घातल्यावर फरक आला चौदा अंश.

"मंदिर चुकीकडे तोंड करून आहे," मी म्हणाले. "चौदा अंश डावीकडे फिरवायला हवं. आणि लवकर. दहा मिनिटांत सूर्य दाराच्या वर जाईल."

"उचलू या," दादा म्हणाले.

"अरे, सगळं पट्टीवर उभं आहे," हर्बर्ट म्हणाले. "उचललं तर मधून मोडेल. सुटं करून परत जोडायचं, तर तासभर."

सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. त्या स्टुलावरून उठल्या होत्या. पदर खोचलेला, हातात टॉर्च तसाच.

"प्रवाशांनो, इकडे लक्ष," त्या म्हणाल्या. "नाईलवर धरण होणार होतं आणि खरं अबू सिंबेल पाण्याखाली जाणार होतं. तेव्हा ते कापून, तुकडे करून वर नेऊन पुन्हा उभं केलं. मंदिर हलवणं हा या मंदिराच्या इतिहासाचाच भाग आहे. त्या लोकांना चार वर्षं लागली. बघू, तुम्हाला किती मिनिटं लागतात."

"बाई, ते इंजिनिअर पगारी होते," हर्बर्ट म्हणाले, पण तोवर ते मंदिराच्या पोटाखाली हात घालत होते. "सेलिन, मध्ये धर. श्रीनिवास, तू डोकं. उचलायचं नाही, सरकवायचं. माझ्याबरोबर."

दादा, सेलिन, वहिनी आणि हर्बर्ट गवतावरून मंदिर इंच इंच फिरवू लागले. मी कोनमापक जमिनीवर धरून आकडे म्हणत होते. दहा. अकरा. मधला जोड कुरकुरला. सावनीने स्वतःच्या अंगावरचा टॉयलेट पेपर ओढून काढला आणि जोडाभोवती घट्ट गुंडाळला.

"बारा. तेरा. थोडं. बस."

काकूंचं स्टूलही नव्या जागी सरकलं. त्या बसल्या आणि खिडकीला डोळे लावले.

आता आम्हाला दिसत होती फक्त काकूंची पाठ. ती हलली नाही.

"कपाळावर आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता डोळ्यांवर आला. मैथिली, अगं, कोल्हापूरचा पायापासून वर चढतो म्हणतात. हा वरून खाली उतरतोय."

"तिथला मावळतीचा असतो, काकू. हा उगवतीचा."

"बरोबर, बरोबर." त्या थांबल्या. "तिघंही दिसतायत. सावनी, रामसेसला तू मिशा काढल्यास?"

"He's a king, आजी."

काकू हसल्या आणि स्टुलावरून अर्धवट उठल्या. "ये, तू बघ. या रे सगळे, एकेक जण या, मी मागे उभी—"

वहिनींनी दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवून त्यांना पुन्हा बसवलं. "बसा, आई. आज मुली मागे."

काकू बसल्या. हर्बर्टनी टोपी काढून हातात घेतली. सेलिनने थर्मासमधला चहा कपांत ओतला आणि तो कुणीच घेतला नाही. दादा कुंपणाकडे बघत होते, जणू सूर्याला थोडं थांब म्हणता आलं असतं.

"गेला," काकू म्हणाल्या. त्या आमच्याकडे वळल्या तेव्हा खिडकीच्या पुठ्ठ्याची चौकोनी खूण त्यांच्या कपाळावर उमटली होती. "किती वेळ होता गं?"

मी घड्याळ थांबवलं होतं. तीन मूर्तींवर सहा मिनिटं चाळीस सेकंद. चौथ्या मूर्तीवर शून्य.