खात्याचं झाड

तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठी हेमकांत चहा पीत उभा होता. तेवढ्यात समोर एक जीप थांबली आणि तिच्यातून निर्मलाबाई उतरल्या. नाशिकच्या निवृत्त प्राध्यापिका, वय अडुसष्ट, गळ्यात दुर्बीण. गेली सात वर्षं दर जानेवारीत त्या हेमकांतच्या पक्षी सहलीला यायच्या. यंदा त्यांचा फोन आला नव्हता. तब्येत बरी नसेल, असं त्याने स्वतःला समजावलं होतं. आता त्या ठणठणीत उतरत होत्या, आणि त्यांच्या मागून उतरत होता खात्या, त्यांची पिशवी खांद्याला लावून.

हेमकांतने पाठ फिरवायचा विचार केला, पण बाईंनी त्याला पाहिलं होतं.

"अहो हेमकांत! बरं झालं भेटलात," त्या आनंदाने म्हणाल्या. "यंदा मी खात्याभाऊंच्या घरीच उतरले आहे. मक्याची भाकर, उडदाची डाळ, अंगणात झोपायला खाट. मजेत आहे मी."

"छान, छान," हेमकांत म्हणाला.

खात्याने हात जोडले. "राम राम, भाऊ." आणि तो टपरीवाल्याशी आपल्या पावरी बोलीत गप्पा मारायला पलीकडे गेला.

खात्या पावरा समाजाचा, खालच्या दरीतल्या एका पाड्यावरचा. अकरा वर्षांपूर्वी हेमकांतने शहाद्याहून पाहुण्यांना सातपुड्यात आणायला सुरुवात केली, तेव्हा तो त्याला भेटला. हेमकांत शेतकरी घरातला, बी.एस्सी. झालेला. त्याला पक्ष्यांची इंग्रजी, मराठी, शास्त्रीय अशी सगळी नावं पाठ. खात्याला त्यातलं एकही येत नव्हतं, पण कुठल्या झाडावर कोण बसतं ते त्याला ठाऊक होतं. तो मजुरीवर पाहुण्यांच्या पुढे चालायचा. दोन वर्षांपूर्वी त्याने वनखात्याचं प्रशिक्षण घेतलं, वाटाड्याचं ओळखपत्र मिळवलं आणि "भाऊ, आता मी माझे पाहुणे आणेन म्हणतो," एवढंच सांगून तो वेगळा झाला. का, ते हेमकांतने विचारलं नाही. त्याच्या मते उत्तर उघड होतं. शिकवून तयार करा, की माणसं उलटतात.

निर्मलाबाई जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "काल रानपिंगळ्याचं घरटं पाहिलं हो. आत मादी बसली आहे. नर सरडा घेऊन आला, तिला दिला आणि गेला. तीन तास आम्ही नुसते बसलो होतो. तुम्ही मला कधी असं बसू दिलं नाहीत."

हेमकांत कसनुसं हसला. रानपिंगळा पाहायला लोक देशभरातून इथे येतात. नामशेष झाला म्हणून सोडून दिलेला हा पक्षी कित्येक दशकांनी पुन्हा सापडला तो याच जिल्ह्यात. हेमकांतने तो शेकडो लोकांना दाखवला होता. पण घरटं? बसलेली मादी? एकदाही नाही.

"कुठल्या बाजूला?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ते पुलाच्या खाली ओढा आहे ना, तो ओलांडून वर मोठी सालई..." बाई थांबल्या. "खात्याभाऊंनी कुणाला सांगू नका म्हटलंय. पण तुमच्यापासून काय लपवायचं, तुम्ही तर त्यांचे गुरू."

त्या संध्याकाळी शहाद्याला घरी जेवताना हेमकांतचं पानावर लक्ष नव्हतं. डाव्या हातात मोबाइल होता आणि खात्याच्या पाहुण्यांनी लिहिलेलं तो एकामागून एक वाचत होता. 'खात्याभाऊंसारखा माणूस नाही.' 'जंगल काय असतं ते इथे कळलं.' 'होळीला पुन्हा येणार.' सगळ्यात खाली एका मुलीने खात्याचा फोटो टाकला होता. तो दगडावर बसून पळसाच्या पानाची शिट्टी करतोय आणि भोवती पाहुणे जमलेत. त्यातली दोन माणसं हेमकांतच्या जुन्या पाहुण्यांपैकी होती.

"भाकर गार व्हई ऱ्हायनी," काजल, त्याची बायको म्हणाली.

"एवढं सम्दं मी शिकाडं त्याले," हेमकांत म्हणाला. "आज मन्हाच पाहुणा त्यानी खाटवर झोपी ऱ्हायना."

काजलने डाळ वाढली. "तो पुढे चाले आणि तुम्ही मांगे. पाहुणासले वाटे, तुम्हीच दखाडी ऱ्हायनात. आते त्यासले समजनं, त्यात त्याना काय गुन्हा शे?"

हेमकांत ताटावरून उठला. तिचं बोलणं खोटं असतं तर तो भांडला असता.

दुसऱ्या दिवशी खात्या निर्मलाबाईंना धडगावचा बाजार दाखवायला नेणार आहे, हे टपरीवाल्याकडून कळलं होतं. हेमकांत मोटारसायकलने एकटाच घाट चढला. पुलाखालचा ओढा ओलांडून तो वर गेला. सालईची मोठी झाडं तिथे चार होती. तासभर त्याने बुंधे, ढोल्या, खालची पानं तपासली. तिसऱ्या सालईसमोर, वीसेक पावलांवर, एका जुन्या सागाच्या ढोलीखाली त्याला विष्ठेचे पांढरे शिंतोडे दिसले. मग ढोलीत दोन पिवळे डोळे दिसले. डोक्यावर ठिपके नसलेला, गोल, रागीट चेहरा.

अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर होतं. आनंद व्हायला हवा होता. क्षणभर झालाही. मग त्याला जमिनीवर खात्याने बसायला अंथरलेली सागाची सुकी पानं दिसली, नीट रचलेली, दोन माणसांपुरती. हे झाड खात्याला माहीत होतं आणि त्याने ते आपल्याला सांगितलं नव्हतं. आनंद तिथेच आंबला.

शनिवारी सुरतेचे तीन फोटोग्राफर आले. त्यांच्या भिंगांची लांबी हातभर, वेळ मात्र अर्ध्या दिवसाचा. "घरट्यावरचा फोटो मिळेल का?" त्यातल्या एकाने विचारलं. एरवी हेमकांत म्हणायचा, पक्षी आपला नोकर नाही. आज तो म्हणाला, "चला."

सागासमोर त्याने खिशातून छोटा स्पीकर काढला, मोबाइलला जोडला आणि रानपिंगळ्याचा आवाज लावला. घरट्याजवळ असं करायचं नसतं, हे तो स्वतः पाहुण्यांना दरवर्षी सांगत आला होता. दुसऱ्याच मिनिटाला नर आला. आपल्या हद्दीत कुणी परका शिरलाय असं समजून तो या फांदीवरून त्या फांदीवर उडत होता, शेपटी झटकत होता, ओरडत होता. कॅमेरे खटाखट वाजले.

"अजून थोडं," सुरतेचा माणूस म्हणाला.

हेमकांतने आवाज वाढवला. मादी ढोलीतून बाहेर आली.

"समोर ती काटकी येतेय."

हेमकांत पुढे झाला. ढोलीच्या तोंडावर सावली धरणारी हिरवी फांदी त्याने खाली ओढून मोडली. मादी उडून लांबच्या झाडावर गेली आणि तिथून परतली नाही. तरी ते सव्वा तास थांबले. निघताना दोन कावळे सागाच्या शेंड्यावर उतरलेले हेमकांतने पाहिले. पाहिले आणि तो चालू लागला.

घरी पोचायच्या आत त्याने फोटो टाकला. 'रानपिंगळ्याची जोडी, घरट्यावर. फक्त आमच्या सहलीत.' जेवण होईपर्यंत शेकडो लोकांनी वाहवा केली. पुण्याहून दोघांनी विचारलं, पुढची तारीख कधी? खात्याच्या जुन्या पाहुण्यांपैकी एकाने लिहिलं, 'सर, तुमच्यासारखे तुम्हीच.' ते वाक्य हेमकांतने काजलला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने फोटो हातात घेऊन नीट पाहिला.

"हाई दिनना बाहेर काब्र बठेल शे?" मादीवर बोट ठेवून तिने कारण विचारलं. "अंडा कोन उबाडी ऱ्हायनं?"

हेमकांतने मोबाइल परत घेतला.

रविवार त्याने कसाबसा काढला. वाहवा येत होती, पण त्याला ते दोन कावळे आठवत होते. सोमवारी सकाळी तो पुन्हा घाट चढला. स्वतःला सांगितलं, नुसतं बघून येऊ.

सागाखाली खात्या बसलेला होता. एकटाच. त्याच्या पुढ्यात ती मोडलेली फांदी होती, पानं कोमेजून काळी पडलेली. शेजारी अंड्याच्या पांढऱ्या कवचाचा एक तुकडा. हेमकांत ओढ्यातून वर येताना त्याने पाहिलं असणार, पण तो उठला नाही.

"बाई?" हेमकांतने विचारलं.

"काल नाशिकला गेल्या. रडत होत्या. म्हणाल्या, मीच सांगितलं त्यांना." खात्याने वर पाहिलं. "किती वेळ वाजवलं, भाऊ?"

"पाच मिनिटं असेल."

"पाच मिनिटांत मादी बाहेर येत नाही."

हेमकांतच्या तोंडून जे निघालं, ते त्याने ठरवलेलं नव्हतं. "तू मला का नाही सांगितलंस? नऊ वर्षं मी तुला बरोबर घेऊन फिरलो. त्या म्हाताऱ्या बाईला दाखवतोस आणि मला नाही? लोक तुझं नाव घेतात, खात्याभाऊ, खात्याभाऊ, आणि माझ्या पोटात आग पडते. तुला हे नाव कोणी मिळवून दिलं?"

खात्याने ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर राग येऊन गेला, पण आवाज चढला नाही.

"तुम्हीच दिलं," तो म्हणाला. "नाही म्हणत नाही. पण तीन वर्षांपूर्वी खडकीच्या नाल्यात जोडी होती, आठवते? मुंबईचे पाहुणे होते. तुम्ही थोडाच वेळ वाजवलं होतं. मी बोललो नाही, मजुरी घेत होतो ना. दुसऱ्या आठवड्यात मी एकटा गेलो, तर जोडी नाही. महिनाभर शोधली. मग मी ठरवलं, आता मजुरीवर यायचं नाही. तुमचे पाहुणे घ्यायला मी गेलो नव्हतो, भाऊ."

हेमकांतला तो नाला आठवत होता. ते मुंबईचे पाहुणेही आठवत होते, त्यांनी दिलेली शाबासकीही. त्यानंतर तिथे पक्षी दिसला नाही, तेव्हा तो सगळ्यांना सांगत राहिला की जंगलतोड वाढली.

"हे झाड मी दाखवणार होतो तुम्हाला," खात्या म्हणाला. "पिल्लं उडाली की."

तो उठला. मोडलेली फांदी त्याने बाजूला झुडपात टाकली आणि पाड्याच्या वाटेला लागला. हेमकांतला वाटलं, तो वळून काहीतरी बोलेल, निदान शिवी तरी देईल. तो वळला नाही. हेमकांत दुपारपर्यंत तिथेच राहिला. ढोलीत कुणी आलं नाही.

घरी जाऊन त्याने फोटो काढून टाकला. नुसता काढला असता तर कुणाला कळलंही नसतं. काजल समोर बसली होती. ती उठून गेली नाही. हेमकांतने पुन्हा मोबाइल उघडला आणि लिहिलं: 'शनिवारचा फोटो घरट्याजवळ आवाज वाजवून आणि फांदी मोडून घेतला होता. घरटं उजाड झालं. चूक माझी आहे, पाहुण्यांची नाही. ते झाड खात्याभाऊंनी शोधलं होतं. मला त्यांचा हेवा वाटत होता.'

शेवटचं वाक्य त्याने दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा तसंच ठेवलं.

पुढे जे व्हायचं ते झालं. लोकांनी तोंडसुख घेतलं. पुण्याच्या दोघांनी बेत रद्द केला. त्याने स्वतः वनखात्याच्या कचेरीत जाऊन लेखी सांगितलं आणि आपलं वाटाड्याचं ओळखपत्र टेबलावर ठेवलं. साहेबांनी हंगामापुरतं ठेवून घेतलं. निर्मलाबाईंचा फोन आला. "वाचलं मी," त्या म्हणाल्या. "लिहिलंत ते बरं केलंत. पण पुढच्या वर्षीही मी खात्याभाऊंकडेच जाणार आहे, हे आधीच सांगते." हेमकांत "हो" म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला कळलं, आग अजून विझलेली नाही. कबुली दिली की हेवा जातो असं त्याला वाटलं होतं. तो गेला नव्हता. फक्त आता त्या हेव्याच्या सांगण्यावरून काही करावंसं वाटत नव्हतं.

त्या फेब्रुवारीत तो घरच्या पपईच्या बागेत भावाला मदत करत होता. होळीच्या आठ दिवस आधी, पपया कागदात गुंडाळताना, मोबाइल वाजला. खात्या होता.

"भाऊ, जोडी सापडली," तो म्हणाला. मागे कुणीतरी ढोल वाजवून बघत होतं. "तीच असेल का सांगता येत नाही. पण मादी ढोलीत बसते आहे."

हेमकांत बांधावर बसला. पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की याला सापडली, मला नाही. ते त्याने जाऊ दिलं.

"कुठं ते मला सांगू नकोस," तो म्हणाला.

"सांगतच नाही," खात्या म्हणाला आणि हसला. "होळीला मात्र या. वहिनींना घेऊन या. पाहुणे पुष्कळ येणार आहेत, आणि त्यांना मराठीत सगळं समजावून सांगायला माझं तोंड पुरत नाही."

"मजुरी काय देशील?" हेमकांतने विचारलं.

"भाकर आणि खाट," खात्या म्हणाला.

हेमकांतने बागेपलीकडे पाहिलं. सातपुडा उन्हात निळसर, धुरकट दिसत होता. काजलला विचारून सांगतो, असं तो म्हणाला, आणि फोन ठेवून पुन्हा पपयांकडे वळला.